आवाज आत्याचा, मालकी तिसऱ्याची

यूट्यूबवर चॅनेल कसा उघडायचा, कमाई सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास कसे भरायचे, हे इथे सांगत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. मला कराराच्या एका कागदाबद्दल सांगायचं आहे. खरं तर कागदही नव्हता. रात्री साडेदहाला मोबाइलवर ओटीपी आला, मी तो टाकला आणि सही झाली.

मी भोर तालुक्यात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. सुरुवात माझ्या आत्यापासून झाली. पूर्वी तिचा आवाज गावाबाहेर जायचा तर आकाशवाणीने बोलवावं लागायचं, नाहीतर कॅसेटवाल्याने. मी पाटावर डबा, डब्याला टेकवून फोन ठेवला, खाली जातं फिरत होतं, आणि आठवड्यात ती ओवी बेळगावपर्यंत पोचली. तिथल्या एका बाईंनी आत्याला न आठवलेली दुसरी ओळ लिहून पाठवली. ऐकणारं माणूसच असं भर घालतं, हे मला आजही फार मोठं वाटतं. त्यासाठी तरी या कामात या.

पण सही करण्याआधी थांबा.

रेकॉर्डिंगचे हक्क घेणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. अकरा रेकॉर्डिंगचे सहा हजार रुपये, शिवाय ‘तुमच्या ओव्या चोरणाऱ्यांना आम्ही पकडू’ असं आश्वासन. त्याची मला गरज होती. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा प्रत्येक नवा व्हिडिओ तिच्याकडे नोंदलेल्या आवाजांशी ताडून बघते. जुळला तर नोंद करणारा ठरवतो : व्हिडिओ अडवायचा, जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, की नुसतं लक्ष ठेवायचं. ही यंत्रणा आपल्यासारख्या एकट्यादुकट्याला सहसा थेट मिळत नाही. मोठा साठा असणाऱ्यांना मिळते, म्हणून आपण मधल्या माणसाकडे जातो.

चार महिन्यांनी मी त्याच ओव्यांचा लांब व्हिडिओ केला. चढवून चहा ठेवला, तो उकळेपर्यंत क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, आला. माझ्याच रेकॉर्डिंगवर, त्या कंपनीच्या नावाने.

करारात शब्द होता ‘असाइनमेंट’. मी तो ‘लायसन्स’सारखाच समजले होते. लायसन्स म्हणजे घर भाड्याने देणं, असाइनमेंट म्हणजे खरेदीखत. पुन्हा सांगते, कारण मी इथेच अडकले : भाड्याने दिलेल्या घराच्या कागदांवर तुमचं नाव राहतं, खरेदीखत झालं की जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आपल्यासाठी थोडा आडोसा आहे. असाइनमेंटच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. माझ्या करारात दोन्ही लिहिलेलं होतं : कायमस्वरूपी आणि जगभर. हे दोन शब्द दिसले की सही करू नका. समोरचा कितीही गोड बोलू दे, ‘हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे करतात’ म्हणू दे, करू नका.

क्लेम आला म्हणून घाबरूनही जाऊ नका. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर बसणारा नियमभंगाचा शिक्का, नव्हे. त्यावर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात. पण हरकत फेटाळली गेली तर पुढचं अपील रागाच्या भरात करू नका. तिथे समोरच्याने व्हिडिओ काढायची मागणी केली आणि ती ग्राह्य धरली गेली, तर स्ट्राइक बसतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक बसले तर चॅनेल जाऊ शकतो.

‘तीस दिवसांत कमाई’ शिकवणाऱ्यांचा एक कोर्स मीही विकत घेतला होता. थंबनेलवर दोन तास, कराराबद्दल एक वाक्य नाही. मला खरं शिकवलं तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्ट काकांनी. करार वाचून त्यांनी एवढंच विचारलं, “गाणाऱ्या बाईची सही कुठाय?”

तो प्रश्न मला आजही टोचतो. रेकॉर्डिंग माझं, पण गाणारीचाही स्वतंत्र हक्क असतो. कायदा त्याला सादरकर्त्याचा हक्क म्हणतो आणि तो पन्नास वर्षं टिकतो. आत्याचा हक्क तिला न विचारता मी विकायला निघाले होते. काकांनी गाठून दिलेल्या वकिलीणबाईंनी आत्याच्या नावाने नोटीस धाडली आणि तिच्या चार ओव्यांवरचे क्लेम कंपनीने मागे घेतले. बाकीच्या सात अजून त्यांच्याकडेच आहेत. त्या गाणाऱ्या दोघींच्या सह्या कंपनीच्या फॉर्मवर मीच घरी जाऊन आणल्या होत्या. त्यातली एक आता हयात नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आज त्या ग्रामीण भारताच्या कहाण्या जपणाऱ्या ‘पारी’ या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणारीचं नाव आणि गाव यांसकट. हे माझ्यासमोर असूनही माझ्या व्हिडिओखाली फक्त माझ्या चॅनेलचं नाव होतं.

मूळ फाइली स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यांच्या तारखांसह. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं काम त्या ॲपमध्येच होतं, त्यांच्या हाती काही उरलं नाही.

आता रेकॉर्डिंगआधी मी एका पानाचा मराठी कागद वाचून दाखवते : आवाज कुणाचा, कुठे वाजणार, पैसे आले तर निम्मे कुणाचे. आत्याने तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, “गावाचं नाव नाही घातलंस?”

नव्हतं घातलं. पेनाने वर लिहिलं, तेव्हा तिने सही केली.