मोटरहोमच्या एसीसाठी जनरेटर किती मोठा घ्यावा?

जनरेटरबद्दल कुणी विचारलं की मी आधी एसीच्या पाटीचा फोटो मागवतो. ‘छोटाच आहे हो’ यावर हिशेब होत नाही. पाटीवर दोन आकडे बघा: आरएलए म्हणजे चालतानाचे अँपिअर आणि एलआरए म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका. दुसरा पहिल्याच्या कित्येक पट असतो, टिकतो मात्र क्षणभरच. पण जनरेटर मान टाकतो तो त्याच क्षणी.

छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी चालताना साधारण १,५०० वॅट घेतो. असे दोन असतील तर ३,००० वॅट. बॅटरी चार्जरचे ५०० धरा. दोन्ही एसी एकदम सुरू करू नका, म्हणजे एकाच झटक्याची सोय करावी लागते. सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण, बसवलात तर तो झटका निम्म्यावर येतो. माझ्या मते मोठ्या जनरेटरवर पैसे घालण्याआधी हाच खर्च करावा. एवढं धरून मी ५,५०० वॅटचा सुचवेन. मायक्रोवेव्ह? तेवढा वेळ एक एसी बंद ठेवा.

खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा क्षणिक क्षमतेचा असतो. सलग क्षमता बारीक अक्षरात शोधा.

डोंगरात जाणार असाल तर हवा विरळ होते. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद घटते. १,८०० मीटरवर ५,५०० चे जेमतेम ४,३५० उरतात, आणि एलपीजीवर चालवलात तर आणखी कमी.