उद्योग आणि गुंतवणुकीची पुस्तके वाचताना या चुका टाळा

नेतृत्व, विपणन, गुंतवणूक आणि व्यक्तिमत्त्व विकास या विषयांवरील ‘वाचायलाच हव्यात’ अशा पुस्तकांच्या याद्या आता चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत सतत फिरत असतात, आणि त्यांतील बरीच पुस्तके खरोखर वाचण्याजोगी असतात. तरीही आंब्याचा बागायतदार, काजू कारखानदार किंवा घरगुती निवासव्यवस्था चालवणारे कुटुंब ती यादी घेऊन वाचायला बसते, तेव्हा पुस्तक ज्या पगारदार, शहरी आणि बहुधा अमेरिकी वाचकासाठी लिहिले गेले, त्याच्या आयुष्याविषयीची गृहीतकेही सल्ल्याबरोबर नकळत स्वीकारली जातात. खाली दिलेल्या चुका मुख्यतः याच ठिकाणी होतात. त्यांपैकी बहुतेक झाल्यानंतरही सुधारता येतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीचा मार्गही दिला आहे.

प्रश्न ठरण्याआधी पुस्तक ठरवणे

सर्वाधिक पैसा आणि वेळ या चुकीत जातो. काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवणाऱ्याची खरी अडचण बहुधा खेळत्या भांडवलाची असते. काजू बी साधारणतः मार्च ते मे या काळात बाजारात येते, ती तेव्हाच विकत घेऊन, वाळवून, पोत्यांत भरून ठेवावी लागते आणि पुढे वर्षभर फोडली जाते, त्यामुळे वर्षाच्या कच्च्या मालाचा मोठा खर्च तीन महिन्यांत करावा लागतो. अशा कारखानदाराने जागतिक कंपन्यांच्या प्रमुखांचे नेतृत्वगुण सांगणारी चार पुस्तके वाचली, तरी बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसे काढता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागताना ती त्याच्या उपयोगाला येत नाहीत. उलट जपानी मोटार कारखान्यांच्या धर्तीवर साठा शक्य तितका कमी ठेवा, असे सांगणारे पुस्तक त्याने जसेच्या तसे अमलात आणले, तर ऑगस्टमध्ये कारखान्याला बी उरणार नाही. ती पद्धत वर्षभर रोज सुटे भाग पुरवू शकणाऱ्या पुरवठादारांच्या आधारावर उभी राहिली, आणि काजूच्या झाडाला अशी सोय करता येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. पुस्तक घेण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात, शक्य तर रुपये किंवा महिने यांच्या आकड्यासह लिहून काढावा. वरील उदाहरणात त्याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या लेखाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, खेळत्या भांडवलाच्या प्रकरणात सापडेल. कोणत्याही यादीत हे पुस्तक नसते, कारण ते वाचल्याचे कोणी मिरवत नाही. पुस्तकांचा ढीग आधीच घरात आला असेल, तर प्रत्येकाची अनुक्रमणिका आपल्या प्रश्नाशी ताडून पाहावी आणि लागू पडणारे एकच प्रकरण वाचावे. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले पाहिजे, हा नियम या प्रकारच्या लेखनाला लागू नाही.

जे टिकले त्यांचीच गोष्ट पुरावा मानणे

जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ सामान्य राहून नंतर असामान्य ठरलेल्या ११ अमेरिकी कंपन्या निवडून त्यांच्यात समान काय होते, याचा शोध त्यात घेतला आहे. त्या ११ पैकी सर्किट सिटी या विद्युत उपकरणांच्या दुकानसाखळीने नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि गृहकर्जांच्या व्यवसायातील फॅनी मे ही संस्था त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी सरकारला आपल्या ताब्यात घ्यावी लागली. यामुळे पुस्तक टाकाऊ ठरत नाही. योग्य माणसे आधी निवडावीत आणि कटू वस्तुस्थितीकडे पाठ फिरवू नये, या त्यातील सूचना आजही विचार करायला लावतात. मात्र यशस्वी कंपन्या आधी निवडून मग त्यांचे गुण शोधले, की जे गुण अपयशी कंपन्यांतही होते ते दिसतच नाहीत. फिल रोझेन्झ्वाइग यांनी २००७ च्या ‘द हॅलो इफेक्ट’ या पुस्तकात या पद्धतीची सविस्तर चिकित्सा केली आहे, आणि दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचण्यात अधिक लाभ आहे.

हीच चूक पुस्तकाबाहेरही होते. तारकर्ली किंवा गुहागरला निवासव्यवस्था सुरू करू इच्छिणारा माणूस चांगल्या चाललेल्या तीन-चार घरांना भेट देतो, त्यांचे अंगण, त्यांची माशांची थाळी आणि त्यांचे फलक न्याहाळतो. ज्यांनी दोन हंगामांनंतर खोल्या बंद केल्या, त्यांच्याकडे कोणी जात नाही. वास्तविक त्या मालकांकडूनच कर्जाचा हप्ता, पावसाळ्यातील रिकामे महिने आणि आचारी सोडून गेल्यावर झालेली तारांबळ यांचा खरा हिशेब कळतो.

ग्रॅहॅम यांचे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करून तिसऱ्या प्रकरणात सोडून देणे

बेंजामिन ग्रॅहॅम यांचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्यांनी स्वतः केलेली शेवटची सुधारणा १९७३ ची आहे. आज सर्वत्र मिळणाऱ्या आवृत्तीत जेसन झ्वाइग यांची २००३ मधील टिपणे जोडलेली आहेत. सुरुवातीच्या भागात अमेरिकी रोखे, त्या काळचे व्याजदर आणि महागाई यांची चर्चा असल्यामुळे नवखा वाचक तेथेच थकतो आणि गुंतवणूक हा आपला प्रांत नव्हे, असा चुकीचा निष्कर्ष काढतो. विख्यात अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आठव्या आणि विसाव्या प्रकरणाकडे विशेष लक्ष देण्यास सुचवले आहे. आठवे बाजारातील चढउतारांविषयी आहे आणि विसावे सुरक्षिततेच्या अंतराविषयी, म्हणजे अंदाज चुकला तरी नुकसान आटोक्यात राहील इतक्या कमी किमतीला खरेदी करण्याविषयी. पुस्तक अर्धवट राहिले असेल, तर ही दोन प्रकरणे आधी वाचावीत.

आठव्या प्रकरणातील प्रसिद्ध रूपक कोकणातील बागायतदाराला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळायला हवे, आणि नेमका त्याचाच येथे घोटाळा होतो. ग्रॅहॅम यांनी बाजाराला एका लहरी भागीदाराचे रूप दिले आहे. हा भागीदार रोज येऊन तुमचा हिस्सा विकत घेण्याची किंवा स्वतःचा विकण्याची किंमत सांगतो. कधी उत्साहाच्या भरात अवाच्या सवा, तर कधी निराशेने अगदीच कमी. त्याचे ऐकायचे की नाही, हे तुमच्या हाती असते. आता वाशीच्या बाजारात पेटी पाठवणाऱ्याचा अनुभव आठवून पाहा. तेथेही भाव रोज बदलतो. हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि मे महिन्यात आवक वाढली की कोसळतो. पण पिकायला लागलेला हापूस थांबत नाही. दलालाने पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, लावलेला दर नापसंत असला, तरी माल परत आणून पुढच्या महिन्यात विकण्याची सोय नसते, शिवाय हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटायची असते. म्हणून त्या दिवसाच्या भावाला माल सोडणे हे बागायतदाराच्या व्यवसायात शहाणपण आहे. वर्षानुवर्षे अंगी मुरलेली हीच सवय तो शेअर बाजारात घेऊन जातो आणि भाव पडू लागताच, उद्या आणखी पडेल या भीतीने विकून मोकळा होतो. चांगल्या कंपनीचा शेअर मात्र पेटीत ठेवल्याने नासत नाही. तो विकण्याची सक्ती एकाच कारणाने होते, आणि ते म्हणजे लवकरच लागणारा किंवा उसना घेतलेला पैसा त्यात घातलेला असणे.

पीटर लिंच यांच्या ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ या १९८९ च्या पुस्तकाचेही असेच अर्धवट वाचन होते. परिचयाच्या वस्तू आणि दुकाने यांतून कंपनी शोधायला सुरुवात करावी, एवढाच भाग लक्षात राहतो. त्यानंतर तिचा ताळेबंद, कर्ज आणि नफ्याची वाढ तपासावी, हा बराच मोठा भाग विसरला जातो. बोटीचे इंजिन उत्तम चालते म्हणून ते बनवणाऱ्या कंपनीचा शेअर कोणत्याही किमतीला घ्यावा, असे लिंच कोठेही म्हणत नाहीत.

दर महिन्याच्या पगाराचे गणित हंगामी उत्पन्नाला लावणे

उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा आधी बाजूला काढावा, हा सल्ला जॉर्ज क्लेसन यांच्या १९२६ च्या ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचला. सल्ला चांगला आहे; परंतु आंब्याचे पैसे उन्हाळ्यात एकदम येतात, त्यांतून मागील फवारण्यांची औषधदुकानाची उधारी आणि राखणदारांची मजुरी जाते, आणि हापूस अनेकदा एका वर्षाआड भरघोस येतो. येथे दर महिन्याच्या पाच तारखेला एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची सोय, लावली, की ऑक्टोबरनंतर खात्यात शिल्लक नसल्याने हप्ते चुकू लागतात. असे होऊ लागले असेल, तर एसआयपी थांबवून वर्षाचा निव्वळ शिल्लक पैसा हंगामानंतर लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांच्या कमी जोखमीच्या फंडात, ठेवावा आणि तेथून ठरावीक हप्त्यांनी शेअरमध्ये गुंतवणाऱ्या इक्विटी फंडात वळवण्याची एसटीपी ही सोय वापरावी. मात्र पुढील वर्ष कमी पिकाचे गेले तर घर आणि बाग चालेल इतकी रक्कम त्याआधी मुदत ठेवीत असावी.

रॉबर्ट कियोसाकी यांच्या १९९७ च्या ‘रिच डॅड पुअर डॅड’ या पुस्तकातून घेतला जाणारा धडा येथे अधिक धोकादायक ठरतो. कर्ज काढून भाड्याने देण्यासाठी मालमत्ता घेत जाण्याची त्यातील कल्पना अमेरिकी कर्ज आणि करव्यवस्थेवर उभी आहे. किनाऱ्यावर प्लॉट घेण्याचा विचार करणाऱ्याने त्याऐवजी सातबारा आणि फेरफार वाचावेत. सातबाऱ्यावर चुलत्यांची आणि मुंबईतील भावंडांची नावे असलेल्या सामाईक जमिनीचा व्यवहार सर्व हिस्सेदारांच्या संमतीवाचून अडतो. १९४८ च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. समुद्रालगतच्या बांधकामावर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत आणि त्यांची सुधारित अधिसूचना २०१९ मध्ये निघाली आहे. यांपैकी एकही अडचण परदेशी पुस्तकाच्या लेखकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

विपणन आणि वागणुकीचे नियम जसेच्या तसे उचलणे

विपणनाचे ‘चार पी’, म्हणजे वस्तू, किंमत, वितरणाची जागा आणि प्रसिद्धी, हे फिलिप कोटलर यांचे समजले जातात. प्रत्यक्षात जेरोम मॅकार्थी यांनी ते १९६० मध्ये मांडले आणि कोटलर यांच्या १९६७ पासूनच्या पाठ्यपुस्तकाने ते सर्वदूर नेले. नावांच्या या गोंधळाने फारसे बिघडत नाही. ब्रँड उभारणीवरची पुस्तके वाचणारे अनेक बागायतदार हातातील कायदेशीर साधन वापरत नाहीत, हे अधिक नुकसानीचे आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यास दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून विकला जात असताना आपल्या पेटीचे वेगळेपण कागदावर सिद्ध करता येते. रंगीत खोके छापण्यापूर्वी ही नोंदणी करावी.

डेल कार्नेगी यांच्या १९३६ च्या पुस्तकातील, समोरच्याचे नाव लक्षात ठेवून आवर्जून वापरावे, हा सल्ला तर आपल्याकडे सरळ उलटू शकतो. वयाने मोठ्या पाहुण्याला पहिल्या नावाने हाक मारल्यास तो सुखावण्याऐवजी अवघडतो. काका, मावशी, वहिनी किंवा आडनावापुढे ‘साहेब’ यांनी तेच काम होते. पाहुण्याची मागच्या खेपेची आवड, म्हणजे सोलकढी कमी तिखट हवी किंवा खोली तळमजल्यावरची हवी, लक्षात ठेवणे हा त्या सल्ल्याचा येथे उपयोगी पडणारा भाग.

वाचतच राहणे, आणि हाताशी असलेले न वाचणे

व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके एकामागून एक वाचूनही काही बदलत नसेल, तर नवे पुस्तक घेणे थांबवावे आणि शेवटच्या पुस्तकातील एकच सूचना पुढील पट्टी हाती येईपर्यंत वापरून पाहावी. व्यवस्थापनावरचे लेखक पीटर ड्रकर यांची, आपला वेळ प्रत्यक्षात कोठे जातो याची आधी नोंद ठेवावी, ही सूचना यासाठी उत्तम आहे, कारण तिला काही खर्च नाही आणि निकाल आठवड्यात दिसतो. पुस्तके विकत घेण्यापूर्वी वाचनालयात पाहावीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून आहे.

झटपट ट्रेडिंग शिकवणारी पुस्तके मात्र उघडण्यापूर्वी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास पाहावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढील भावावर आधारलेल्या करारांत, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे त्यात नमूद आहे. त्याऐवजी बफे यांची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रे बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सेबीची वित्तीय शिक्षण पुस्तिका मराठीतही आहे.

आणि एक वाचन कोणत्याही यादीत नसूनही सर्वांत आधी करावे लागेल. ज्या पतसंस्थेत कुटुंबाची ठेव आहे, तिचा वार्षिक अहवाल बहुतेक घरांत न उघडता रद्दीत जातो. सहकारी बँकांसह बँकांतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थांतील ठेवी मात्र या विम्याखाली येत नाहीत. म्हणून अहवालातील लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेबतपासणीत संस्थेला मिळालेली श्रेणी), थकबाकीचे प्रमाण आणि संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे पाहून घ्यावीत आणि या आकड्यांविषयी शंका असेल, तर ती वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल मंजुरीला येण्याआधी लेखी विचारावी.