फोनवरचा साहेब: 'कम्प्लायन्स' कागद-पेन घेऊन कसा बघायचा

'कम्प्लायन्स' संपला की बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "माणसं एवढी कशी मूर्ख असू शकतात? मी असतो तर फोन आपटला असता!" बाकीचे माना डोलावतात, चर्चा तिथेच आटोपते आणि सिनेमा वाया जातो. तो वाया जाऊ नये म्हणून मी बघण्याची एक पद्धत बसवली आहे. चार-सहा जणांनी मिळून बघायला ती चांगली, पण एकट्यानेही चालते.

पद्धत माझ्या जुन्या नोकरीतून आली. मी कॉल सेंटरमध्ये क्वालिटीला होते. दिवसभर हेडफोन लावून इतरांचे रेकॉर्ड केलेले कॉल ऐकायचे आणि फॉर्मवर गुण टाकायचे, एवढंच काम. त्यामुळे कानाला एक खोड लागली आहे. बोलणारा किती गोड बोलतोय याकडे माझं लक्ष नंतर जातं, समोरच्याने 'हो' नेमकं कुठे म्हटलं ते आधी ऐकू येतं. या सिनेमाला हाच कान लागतो. दीड तासातला बराचसा वेळ तर एकच फोन कॉल चालू असतो.

बघायला बसण्याआधी सगळ्यांना कथा सांगून टाका. शेवट कळल्याने इथे काहीही बिघडत नाही, आणि न सांगता बसवणं हा अन्याय आहे. क्रेग झोबेलचा हा २०१२चा सिनेमा. अमेरिकेत ओहायोमधलं एक फास्ट-फूड रेस्टॉरंट, गर्दीचा दिवस. मॅनेजर सँड्राला फोन येतो. पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस अधिकारी डॅनियल्स म्हणवतो. काउंटरवरच्या बेकीने एका ग्राहकाच्या पर्समधून पैसे चोरले आहेत, आम्ही पोहोचेपर्यंत तिला मागच्या खोलीत बसवा आणि तिची झडती घ्या, असं तो सांगतो. तिथून सूचना वाढत जातात, कपडे उतरवण्यापर्यंत आणि पुढे लैंगिक अत्याचारापर्यंत. पोलीस कधीच येत नाहीत, कारण फोनवर पोलीस नसतोच. हे ऐकून कुणाला बघायचं नसेल तर त्याने उठून जावं आणि कुणी कारण विचारू नये. मध्येच उठावंसं वाटलं तरी तसंच.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे हेही आधीच सांगा. ९ एप्रिल २००४ रोजी केंटकी राज्यातल्या माउंट वॉशिंग्टन या छोट्या गावातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये असा फोन आला आणि तो तीन तासांहून जास्त चालला. मुलगी १८ वर्षांची होती. अमेरिकेतल्या तीसेक राज्यांत मिळून असे ७०हून अधिक फोन झाल्याची नोंद आहे. ही माहिती नंतर दिली तर लोक पूर्ण वेळ 'हे पटत नाही, पटकथा कच्ची आहे' यातच घालवतात. आधी दिली तरी काही जण घालवतातच. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवातल्या पहिल्या खेळाला लोक उठून गेले होते आणि नंतरच्या प्रश्नोत्तरांत दिग्दर्शकावर ओरडलेही होते.

आता कागद. आडवा धरा आणि तीन रकाने पाडा: 'तो काय म्हणाला', 'कारण काय दिलं', 'ती काय म्हणाली'. तिसरा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. लोक पहिला रकाना भराभर भरतात, कारण धक्का तिथे बसतो. पण आज्ञा नुसती दिल्याने काही होत नसतं. ती पाळली जाते तेव्हा पाळणाऱ्याच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलेलं असतं: 'बरं', 'हो सर', 'थांबा हं, बघते'. ते शब्द जसेच्या तसे टिपा.

फोन वाजायच्या आधीची मिनिटं सोडू नका. फ्रीझरचं दार रात्रभर उघडं राहिलंय, माल खराब झालाय, त्यावरून सँड्राला बोलणी बसली आहेत. वरून कुणीतरी गुपचूप तपासायला येईल अशी धास्ती आहे. हाताखालची तरुण पोरं तिला फारशी मोजत नाहीत. म्हणजे फोन उचलायच्या आधीच ही बाई 'आता माझ्याकडून आणखी काही चुकायला नको' अशा मनःस्थितीत आहे. सँड्राचं काम करणाऱ्या अॅन डाउडने हे खांद्यांतून आणि घाईच्या चालण्यातून दाखवलंय. पोलिसाचं नाव सांगणारा माणूस त्यानंतर येतो. धास्ती त्याने आणलेली नाही, त्याला ती आयती मिळते.

मग कॉलची पहिली दोन मिनिटं. इथे थांबवा, मागे न्या, पुन्हा ऐका. तो मुलीचं नाव घेत नाही. तरुण आहे, अशी अशी दिसते, एवढंच मोघम वर्णन करतो, आणि नाव सँड्रा पुरवते. तो ते नाव उचलतो आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखं वापरू लागतो. कागदावर बघा: 'बेकी' हा शब्द आधी तिसऱ्या रकान्यात येतो, पहिल्यात नंतर. प्रत्यक्षातल्या फोनमध्येही असंच मोघम वर्णन केलेलं होतं. चांगल्या ग्राहकसेवेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस समोरचा अडखळला की त्याचं वाक्य पुरं करून देतो, आणि आमच्या फॉर्मवर त्याला त्याचे गुणही मिळायचे. ते आठवलं की मला या दृश्यात अजून कसंतरी होतं.

दुसऱ्या रकान्यात काय जमतंय तेही पाहा. तो म्हणतो, तुमचे वरचे साहेब माझ्याबरोबर दुसऱ्या लाइनवर आहेत. जबाबदारी सगळी माझी. झडती इथेच घ्यायची की तिला तुरुंगात न्यायचं, तुम्हीच सांगा. मधेमधे कौतुक: तुम्ही छान हाताळताय. आणि 'सर' म्हणण्याचा आग्रह. यातलं एकही वाक्य धमकी म्हणून उभं राहत नाही. बहुतेक वाक्यं मदत मागणारी किंवा दिलासा देणारी आहेत.

पहिली खरी सूचना, म्हणजे झडतीची, आली की सिनेमा थांबवा. प्रत्येकाने कागदाच्या मागे लिहायचं: मी कुठल्या सूचनेला नाही म्हणेन? कागद दुमडून ठेवायचा. मोठ्याने बोलू देऊ नका, मोठ्याने विचारलं की खोलीतला प्रत्येक जण शूर होतो. शिवाय असे अंदाज फार चुकतात. माणूस हुकूम कुठवर पाळतो हे बघायला मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमने १९६१ साली येल विद्यापीठात विजेच्या झटक्यांचे प्रयोग सुरू केले. शास्त्रज्ञ सांगेल तसे शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाढते झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. शेवटच्या खटक्यापर्यंत किती जण जातील असं मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज हजारात एखादा असा होता. प्रसिद्ध फेरीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. खटके १५-१५ व्होल्टने वाढत होते हे विसरू नका. १५ व्होल्ट दिलेल्या माणसाने ३० का देऊ नयेत याला सबब सापडत नाही, आणि ३० देणाऱ्याला ४५ची. तुमच्या पहिल्या रकान्यातल्या सूचना एकाखाली एक वाचा, तीच चढण दिसेल.

पण मिलग्रॅमचं नाव घेऊन 'माणूस असाच असतो' म्हणत हात झटकायचे नाहीत. त्याच्याच इतर फेऱ्या जास्त कामाच्या आहेत. शास्त्रज्ञ खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे साधारण पाचातले एक उरले. म्हणजे नुसता फोन दुबळा असतो. मग इथे तो इतका जबर का ठरतो? माझ्या मते, नोकरीमुळे. १९६६ साली मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंगचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयातल्या २२ नर्सना एका अनोळखी डॉक्टरने फोनवर सांगितलं, अमुक रुग्णाला अॅस्ट्रोटेनचे २० मिलिग्रॅम द्या. डबीवर कमाल मात्रा १० लिहिलेली होती, औषध ओळखीचं नव्हतं आणि फोनवरून आदेश घेणं नियमात बसत नव्हतं. २१ नर्स द्यायला निघाल्या, त्यांना वाटेत थांबवलं. (डबीत निरुपद्रवी गोळ्या होत्या.) १९७७ साली दुसऱ्या संशोधकांनी ओळखीचं औषध घेऊन आणि नर्सना एकमेकींशी बोलायची मोकळीक ठेवून हे पुन्हा केलं, तर १८ पैकी १६ जणींनी औषध दिलंच नाही.

या फरकावर गटाला बराच वेळ द्या. उरलेला सिनेमा बघताना कागदाच्या समासात एक गोष्ट टिपायला सांगा: आत्ता खोलीत कोण आहे, आणि कोण कुणाला विचारू शकलं असतं? रेस्टॉरंट माणसांनी भरलेलं आहे. केविन नावाचा मुलगा नकार देतो, पण तो नकार त्याच्यापुरताच राहतो, तो काही बाहेर जाऊन दुसरा फोन लावत नाही. हे सगळं तुटतं ते हॅरॉल्ड नावाचा दुरुस्ती-देखभालीचा माणूस सरळ 'हे चुकीचं आहे' म्हणतो तेव्हा. प्रत्यक्षातही असंच झालं. देखभालीच्या माणसाने नकार दिला, मग सहायक मॅनेजर बाईने आपल्या वरिष्ठांना फोन केला. दुसऱ्या लाइनवर असल्याचं सांगितलेल्या त्या वरिष्ठ घरी झोपलेल्या होत्या. तो दुसरा फोन पहिल्या दहा मिनिटांतही लावता आला असता. मिलग्रॅमच्या एका फेरीत शेजारच्या दोघांनी नकार दिल्यावर ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले, हा आकडा इथे सांगा.

सिनेमाच्या मध्यावर फोन करणारा आपल्या घरात दिसतो, सँडविच करत. झोबेलने हे दाखवायला नको होतं असं माझं ठाम मत आहे. तो नुसता आवाज असतो तोवर आपणही थोडे सँड्रा असतो. चेहरा दिसला की आपण सुटतो आणि आरामात तिला शहाणपण शिकवू लागतो. तिसऱ्या रकान्याकडे गटाचं दुर्लक्ष होतं ते इथूनच, तेव्हा आठवण करून द्या.

संपल्यावर दुमडलेले कागद उघडा. मागे लिहिलेली सूचना येण्याआधी कोणकोणत्या सूचना आपण बिनतक्रार मान्य करून टाकल्या, हे ज्याने त्याने स्वतःशी मोजावं, जाहीर करायची गरज नाही. मग दोष कुणाचा यावर खुशाल भांडा. भांडणाला हा मालमसाला पुरे: फोन केल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो २००६ साली ज्युरीसमोर निर्दोष सुटला. सहायक मॅनेजरला प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. फोनवरच्या सूचनांप्रमाणे मुलीवर अत्याचार करणाऱ्या तिच्या वाग्दत्त वराला पाच वर्षांची कैद झाली. २००७ साली ज्युरीने त्या मुलीला ६१ लाख डॉलर द्यायचा निकाल दिला, कारण असे फोन येतात हे कंपनीला ठाऊक असूनही कर्मचाऱ्यांना धड सावध केलं नव्हतं. ज्युरीने त्या सहायक मॅनेजरलाही भरपाई दिली होती, हे सांगितल्यावर खोलीत दोन तट पडतात. पडू द्या. बेकीकडे कॅमेरा कसा बघतो, हा प्रश्न मात्र कुणी काढला नाही तर तुम्ही काढा. तिची बाजू सिनेमा तोकडी मांडतो, असं मला वाटतं.

शेवटी पाच मिनिटांचा सराव. एकदा तोंडाला वळण पडलं की ते राहतं, म्हणून हा टाळू नका. दोघं पाठीला पाठ लावून बसा. एक जण साहेब: 'मी अमुक खात्यातून बोलतोय, तुमच्या एका सहकाऱ्याबद्दल आहे.' दुसऱ्याने एवढंच म्हणायचं: "तुमचं नाव आणि खातं सांगा. मी फोन ठेवते आणि तुमच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून परत करते." आणि ठेवायचा. साहेबाने दिलेला नंबर घ्यायचा नाही. 'लाइनवरच राहा' म्हणाला तरी ठेवायचा, तसं म्हणाला तर जरा लवकरच. जेरी बर्गरने २००९ साली मिलग्रॅमचा प्रयोग सौम्य करून पुन्हा केला, तेव्हा कचरणाऱ्यांना पुढे ढकलायला ठरवून ठेवलेल्या वाक्यांतलं 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही' हे शेवटचं वाक्य ज्यांना ऐकवावं लागलं त्यांच्यातला एकही पुढे गेला नाही. उघड हुकूम ओळखायला सोपा असतो. म्हणून सरावातल्या साहेबाला गुरकावू देऊ नका. त्याला नम्र ठेवा, थकलेला ठेवा, 'तुम्हाला त्रास देतोय, माफ करा' म्हणायला लावा.

ऐकणारे बहुतेक जण फोन ठेवण्याआधी 'सॉरी' म्हणतात. तो शब्द गळेपर्यंत पुन्हा करा. जागा बदला, म्हणजे साहेब होणं किती सोपं आहे तेही कळेल. साहेबाने पहिल्या सूचनेपुढे जायचं नाही, आणि झडतीचा विषय सरावात आणायचाच नाही.