ओढ्याकाठचं जंगल प्रोजेक्टला घेताय? आधी उतार मोजा

कोल्हापुरातनं एमएस्सी बॉटनी करताना मी प्रोजेक्टला दाजीपूरकडचं ओढ्याकाठचं जंगल घेतलं होतं, आता ज्युनियर पोरं विचारतात म्हणून लिहितोय. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही, त्यामुळं विषय ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

माझा घोळ झाला उतारावर. टेप जमिनीलगत धरून 10 बाय 10 मीटरचे बारा प्लॉट, म्हणजे झाडं मोजायचे चौकोन, टाकले, मस्त दोऱ्या बांधल्या, झाडं मोजली, आणि परत आल्यावर मॅडमनी एकच विचारलं, उतार किती होता रे? 30 अंशाच्या उतारावर जमिनीलगतचे 10 मीटर म्हणजे आडवे फक्त 8.66, म्हणजे माझा प्लॉट 100 चौरस मीटरचा नव्हताच, साडेशहाऐंशीचा होता, आणि त्यावरनं काढलेली हेक्टरी झाडं सगळी चुकलेली. तेवढ्या उताराला टेप साडेअकरा मीटर सोडावी लागते. उतार मोजायला मोबाईलमधलं ॲप पण चालतं. खोडाचा घेर 1.3 मीटर उंचीवर घेतात, ती उंची उताराच्या वरच्या बाजूनं धरायची, हे पण मला नंतरच कळलं.

दुसरं, पाण्यापासनं किती लांब ते प्रत्येक प्लॉटला लिहा. ओढ्यात दगडांच्या फटीत शेरणी नावाचं झुडूप असतं, पुरात आडवं होतं न् पाणी ओसरलं की परत उभं, उपटून बघा, जमतंय का भावा! काठाला करंज, उंबर, जांभूळ. जरा वर चढलं की अंजनी, पिसा, हिरडा, आणि उजेड पडतो तिथं कारवी दाटलेली. हे सगळं थोड्या पावलांत बदलतं, त्यामुळं एकच मोठा चौकोन टाकला तर शेरणी न् अंजनी एकाच यादीत येतात, मग कसली आलीय कम्युनिटी, म्हणजे एका जागी एकत्र वाढणाऱ्या झाडांचा गट. दुसऱ्या खेपेला मी काठाला समांतर तीन पट्टे आखले, पाण्याजवळ, मधे आणि वर, तेव्हा कुठं फरक दिसला.

फुलं-फळं नसलेल्या फांद्या आणू नका, जांभळाच्या भाऊबंदांत त्याशिवाय काही ओळखू येत नाही. जळवांना मीठ ठेवा जवळ. आणि हर्बेरियमला, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला, रद्दी भरपूर लागते, पावसाळ्यात पेपर रोज बदलायचे, एक दिवस चुकला की बुरशी. आमच्यात ते ओले पेपर आई इस्त्री फिरवून वाळवायची न् बडबडायची, "शिकायला घातलंय का पाला गोळा करायला!"