जाळरेषेला काडी लावण्याआधी गवत मोजा

राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. त्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, जाळून साफ झालेल्या असाव्यात, ही अपेक्षा. पण कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या बाजूने जाळायचं, हे बहुतेकदा अंदाजावर चालतं. थोडी मोजमापं घेतली तर अंदाजाची गरज उरत नाही. राखीव वनात परवानगीशिवाय आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. म्हणून इथलं सगळं काम वनरक्षक सोबत असताना, विभागाने ठरवलेल्या दिवशीच करायचं. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ते सहज करू शकतात.

लागणारं सामान: ५० सेंमी बाजूची लोखंडी चौकट, विळा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशव्या, लोखंडी खुंट्या, दर २५ सेंमीवर रंगाचा पट्टा मारलेली सळई आणि स्टॉपवॉच.

इंधन. जाळरेषेच्या पट्ट्यात किमान दहा जागी चौकट टाका. दाट गवत बघून टाकू नका. ठरावीक पावलं चालून जिथे थांबाल तिथेच टाका, नाहीतर आकडा फुगतो. चौकटीतलं गवत जमिनीलगत कापा, खाली पडलेला पालाही गोळा करा आणि जागेवरच वजन करा. त्यातलं १०० ग्रॅम लगेच पिशवीत बंद करा. कापडी पिशवीतून नमुना नेला तर वाटेतच ओलावा उडून जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओलावा. नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास सुकवा. १०० ग्रॅमचे ९२ राहिले, तर ८ ला ९२ ने भागा: ओलावा ८.७ टक्के. इथे भागाकार सुक्या वजनाने करायचा असतो. ओल्या वजनाने केलेले आकडे वणव्याच्या कुठल्याच तक्त्याशी जुळत नाहीत. चौकटीतलं एकूण वजन त्याच प्रमाणात कमी करा (इथे ०.९२ ने गुणा), आणि ते सुकं वजन चारने गुणलं की एका चौरस मीटरचं इंधन मिळतं. मेलेल्या गवताचा ओलावा हवेबरोबर तासातासाला बदलतो, म्हणून नमुना जाळायच्या वेळेलाच घ्या. ओलावा २० ते २५ टक्क्यांवर असेल तर आग मधेच विझते आणि रेषेत न जळलेले ठिपके राहतात. दवात भिजलेल्या गवताला सकाळी लवकर काडी लावली की नेमकं हेच होतं. पुढे मार्चमधला वणवा त्याच ठिपक्यांवरून रेषा ओलांडतो.

वेग. आगीच्या वाटेवर ५ मीटर अंतराने खुंट्या ठोका. आगीची कड एका खुंटीपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत पोचते ते नोंदवा. सळईच्या आधाराने ज्वाळेची लांबी बघा. लांबी म्हणजे बुडापासून टोकापर्यंतची तिरपी रेषा, उभी उंची नव्हे. वाऱ्यात ज्वाळा झुकते आणि उंची फसवी ठरते.

आता हिशेब. वणव्यांचे अमेरिकी अभ्यासक बायरम यांनी १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही जगभर वापरतात: आगीच्या कडेच्या दर मीटरची तीव्रता म्हणजे इंधनाची उष्णता, जळलेलं इंधन आणि वेग यांचा गुणाकार. उष्णता किलोमागे सुमारे १८,००० किलोज्यूल धरा. जळलेलं इंधन काढायला आग विझल्यावर पुन्हा चौकट टाकून उरलेलं वजा करा. समजा दर चौरस मीटरला अर्धा किलो जळलं. आग वाऱ्याच्या दिशेने ५ मीटर ५० सेकंदांत गेली, तर तीव्रता मीटरला ९०० किलोवॅट आणि ज्वाळा अंदाजे पावणेदोन मीटर. तेच गवत, तीच संध्याकाळ, पण आग वाऱ्याविरुद्ध सरकत तेवढ्याच अंतराला २५० सेकंद घेत असेल, तर १८० किलोवॅट आणि ज्वाळा जेमतेम ८५ सेंमी.

हा फरक जिवाशी निगडित आहे. साधारण ३५० किलोवॅटपर्यंत, म्हणजे ज्वाळा सव्वा मीटरच्या आत असेपर्यंतच, झोडपे आणि हिरव्या फांद्या घेऊन माणसं आगीच्या तोंडाशी उभी राहू शकतात. त्यापुढे समोरून भिडू नये.

म्हणून आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून, झाडून माती उघडी करा. उतारावर काडी वरच्या कडेला लावा आणि आग खाली सरकू द्या. सपाटीवर वारा ज्या बाजूला वाहतो त्या कडेपासून सुरुवात करा. चढावर आग किती पिसाळते याचा ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून आलेला ठोकताळा असा, की दर १० अंश चढाला वेग दुप्पट होतो. खाली काडी लावून वर माणसं उभी करणं कधीही नको.

सागाच्या रानात जाळरेषा एकदा साफ करून भागत नाही. पानगळ पुढेही चालूच असते, आणि डिसेंबरात लख्ख केलेल्या पट्ट्यावर मार्चपर्यंत पाल्याचा थर बसतो. तिथे ब्लोअर किंवा खराट्याने पुन्हा पुन्हा झाडावंच लागतं. मोहाच्या झाडाखालीही पाला जाळण्याऐवजी झाडून घ्या किंवा जाळी अंथरा. फुलं वेचण्यासाठी लावलेली आग हे मध्य भारतातल्या वणव्यांचं एक मोठं कारण आहे.

हंगामात डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना मोबाईलवर येतात. त्यातल्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन असतो, नेमकी जागा नव्हे. तो उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वरून जातो. चारला पेटून नऊला विझलेला वणवा त्याला दिसतच नाही. म्हणून जळालेल्या क्षेत्राच्या कडेने जीपीएस घेऊन फिरा आणि नोंद ठेवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून नुकसान काढणार असाल तर शेजारच्या न जळलेल्या रानाची त्याच तारखांची चित्रंही घ्या. पानगळीनेही या चित्रांवरून जळीत ओळखायचा निर्देशांक घसरतो, आणि तुलना नसेल तर उभं, धड जंगल जळाल्यासारखं मोजलं जातं.