एकट्याने अनेक देश फिरताना पर्यटक व्हिसांची आखणी कशी करावी

एकाच प्रवासात तीन-चार देश पाहायचे ठरले की बरेच जण आधी विमानाचे स्वस्त तिकीट पकडतात आणि मग व्हिसाच्या मागे लागतात. हा क्रम उलटा हवा. पासपोर्ट एकच असतो, आणि जे देश त्यावर व्हिसाचे स्टिकर लावून देतात त्यांच्याकडे तो काही आठवडे अडकून राहतो. तेवढ्या काळात दुसऱ्या वकिलातीकडे तो देता येत नाही. म्हणून स्टिकरचे व्हिसा आधी, ई-व्हिसा त्यानंतर आणि आगमनाची ऑनलाइन नोंदणी सर्वांत शेवटी ठेवावी. थायलंड व मलेशियाची डिजिटल आगमनपत्रे तर पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायची असतात.

समजा, ठाण्याहून निघून ऑस्ट्रिया, इटली आणि परतताना तुर्कस्तान असा बेत आहे. पहिले दोन देश शेंगेन गटातील २९ देशांपैकी असल्याने त्यांना एकच व्हिसा पुरतो. तो मात्र जिथे मुक्काम जास्त दिवस आहे त्याच देशाकडे मागायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकावा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मानू नये. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ आणि क्वचित ४५ दिवस लागतात. त्यामुळे मे महिन्यात जायचे असेल तर दिवाळी आटोपताच कामाला लागावे. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा अथवा तिथला रहिवासी परवाना असेल तरच मिळतो. तेव्हा शेंगेनचे स्टिकर हाती येईपर्यंत तो अर्ज भरू नये, आणि तिथे उतरण्याच्या दिवशी शेंगेनची मुदत चालू असेल अशाच तारखा ठरवाव्यात.

प्रवेश किती वेळा, हा प्रश्न मुदतीइतकाच महत्त्वाचा आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, पण एकच प्रवेश की अनेक, हे अर्जातच निवडावे लागते. हो ची मिन्ह शहरात उतरून, कंबोडियात अंगकोर वाट पाहून परतीच्या विमानासाठी पुन्हा हनोई गाठणाऱ्याने एकच प्रवेश निवडला असेल, तर त्याला त्याच व्हिसावर व्हिएतनाममध्ये दुसऱ्यांदा शिरताच येणार नाही.

आपल्याकडच्या लोकांनी सर्वाधिक जपायची जागा म्हणजे नावाचा रकाना. मराठी माणसाच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या ओळीत बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे असतात. ई-व्हिसाच्या अर्जात मात्र सवयीने फक्त स्वतःचे नाव लिहिले जाते. दोन्ही नावे पासपोर्टवर आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने उतरवावीत. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि बँक खाते माहेरच्या नावाचे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडावा.

एकट्या प्रवाशाच्या अर्जात खर्चाला दुसऱ्या कोणाचा हातभार दिसत नसल्याने स्वतःचे खातेच बोलके असावे लागते. बँकेचा सही-शिक्का असलेला खातेउतारा, प्राप्तिकर विवरणपत्रे, कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा ही शेंगेनसाठीची मुख्य कागदपत्रे होत. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आणून ठेवल्याने संशयच वाढतो. अशी रक्कम खरोखरच आली असेल, तर ती कोठून आली याचा पुरावा द्यावा. अर्जासोबत स्वतः लिहून द्यायच्या पत्रात कोणत्या तारखेला कोणत्या गावी मुक्काम, एका गावाहून दुसऱ्या गावी कशाने जाणार आणि परतल्यावर कामावर कधी रुजू होणार, एवढे सरळ लिहावे. एकटे का जात आहात, यावर दोन वाक्ये पुरेत.

बोटांचे ठसे देण्यासाठी ठाणे वा नवी मुंबईकरांना मुंबईतील व्हिसा अर्ज केंद्रात जावे लागते. शक्यतो अकरानंतरची वेळ घ्यावी, म्हणजे मध्य किंवा हार्बर मार्गावर गाड्या रखडल्या तरी अपॉइंटमेंट हुकत नाही. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून स्टिकर तिथल्या तिथे वाचावे. नावाचे आणि पासपोर्ट क्रमांकाचे प्रत्येक अक्षर, ‘पासून–पर्यंत’च्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि राहण्याचे दिवस हे सारे तपासावे. तारखांमधले अंतर ३० दिवसांचे आणि राहण्याचे दिवस १५ लिहिलेले असतील, तर मुक्काम १५ दिवसांचाच करता येतो, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरला जातो. चूक आढळली तर प्रवासाची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला कळवावे, आणि दुरुस्त स्टिकर हाती आल्यावरच परतावा न मिळणारी तिकिटे काढावीत.