आयसीयूतल्या पेशंटचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फाईलला ‘एकूण कोलेस्टेरॉल ९५’ असा रिपोर्ट लागला की नातेवाइकांना हायसं वाटतं. वर्षानुवर्षं २००च्या आत ठेवायला सांगितलेला आकडा आपसूक शंभराच्या खाली आला, म्हणजे चांगलंच झालं असं वाटणं साहजिक आहे. पण आयसीयूत हा हिशेब उलटा असतो. घरी बसून केलेल्या तपासणीत कोलेस्टेरॉल पुढच्या दहा-वीस वर्षांतला हृदयविकाराचा धोका सांगतं, तर इथे ते आज शरीर किती ताणाखाली आहे हे सांगतं. पेशंटची फाईल सांभाळणारे नातेवाईक आणि आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर व आरएमओ (निवासी डॉक्टर), या सगळ्यांना उपयोगी पडेल असं इथे दिलं आहे.

आकडा खाली का येतो

सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे सगळ्या शरीरावर ओढवणारं संकट), मोठा अपघात, भाजणं, मोठी शस्त्रक्रिया यानंतर एक-दोन दिवसांतच एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) तिन्ही घसरतात. कारणं एकाच वेळी अनेक असतात. यकृत नेहमीची कामं मागे टाकून सीआरपीसारखी जळजळीशी निगडित प्रथिनं बनवण्याच्या मागे लागतं. केशवाहिन्या झिरपू लागल्याने कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रक्ताबाहेर जातात. लिटर-लिटर सलाईन दिल्याने उरलेलं रक्तही पातळ होतं. रक्तस्राव आणि उपासमार त्यात भर घालतात. शिवाय एचडीएल आणि एलडीएल हे जंतूंच्या विषाला चिकटून ते निष्प्रभ करतात आणि त्या कामात स्वतः खर्ची पडतात. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला कच्चा माल म्हणूनही कोलेस्टेरॉलच लागतं.

म्हणून १२०च्या खालचं, त्यातही १००च्या खालचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एक आकडी किंवा दहा-बारावर आलेलं एचडीएल ही आजार गंभीर असल्याची खूण समजतात. ती खूण आहे, कारण नव्हे. नळीतून तूप किंवा अंड्याचा बलक देऊन आकडा वर आणण्याचा आग्रह धरू नका. त्याने पेशंट सुधारतो असा पुरावा नाही. जंतुसंसर्ग आटोक्यात आला, पोषण सुरू झालं की कोलेस्टेरॉल हळूहळू आपणहून चढतं. आठवडा उलटूनही ते खालीच राहिलं तर संसर्गाचं मूळ कुठे दडून राहिलं आहे का, पोषण कमी पडतंय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

नमुना घेताना

हार्ट अटॅकचा पेशंट असेल तर लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पहिल्या २४ तासांतच घ्यावं. त्यानंतर एलडीएल घसरू लागतं आणि खरा आकडा काही आठवडे हाती लागत नाही.

ज्या हाताला प्रोपोफॉल (झोपेचं औषध) किंवा टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू आहे त्या हातातून नमुना नको. आर्टेरियल लाईन (धमनीत बसवलेली नळी) असेल तर ती उत्तम, नाहीतर दुसरा हात. सेंट्रल लाईनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या, अनेक तोंडांच्या नळीच्या) एका तोंडातून स्निग्धांश जात असताना दुसऱ्या तोंडातून नमुना काढला तरी भेसळ होऊ शकते. नमुन्यासाठी म्हणून प्रोपोफॉल परस्पर थांबवू नका, पेशंट जागा होऊन श्वासाची नळी ओढतो. फॉर्मवर ‘प्रोपोफॉल चालू’ किंवा ‘लिपिड चालू’ एवढं लिहायला विसरू नका. नळीतून सतत फीड चालू असेल तर उपाशीपोटी नमुना मिळणार नाही. कोलेस्टेरॉलवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, ट्रायग्लिसराइडवर (रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर) मात्र होतो.

सीरम दुधासारखं पांढुरकं आलं असा लॅबमधून फोन आला, तर तो हलक्यात घेऊ नका. लॅबची बहुतेक मोठी यंत्रं सोडियम मोजण्याआधी नमुना पातळ करतात. त्यात चरबी फार असली की सोडियम खोटं कमी दिसतं. लॅबमध्ये १२४ आणि त्याच वेळच्या एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) १३७ असं आलं, तर एबीजीवर विश्वास ठेवा. ते यंत्र नमुना पातळ न करता मोजतं. १२४वर विसंबून ३ टक्के (जास्त मिठाचं) सलाईन सुरू करणं पेशंटला महागात पडेल.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी शेजारचे आकडे पाहा: अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), सीआरपी, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पित्तातलं द्रव्य). अल्ब्युमिन कमी, सीआरपी जास्त आणि कोलेस्टेरॉल कमी, हे त्रिकूट एकत्रच फिरतं. बिलिरुबिन वाढलेलं असताना कोलेस्टेरॉल उलट खूप जास्त आलं, तर पित्तनलिकेचा अडथळा आठवा. पित्त तुंबलं की लायपोप्रोटीन-एक्स नावाचा वेगळाच कण रक्तात येतो आणि यंत्र त्याला एलडीएल समजून बसतं. नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा आजार) आणि थायरॉइडची कमतरता ही कोलेस्टेरॉल वाढण्याची आणखी दोन कारणं.

मग एलडीएल. बऱ्याच लॅब ते मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. उदाहरण घ्या: एकूण ९५, एचडीएल १२, ट्रायग्लिसराइड ४३०. पाचवा भाग ८६, म्हणजे एलडीएल उणे ३! असा आकडा दिसला की तो सोडून द्या. एलडीएल हवंच असेल तर थेट मोजलेलं मागा, नाहीतर एकूणमधून एचडीएल वजा करून येणारे ८३ वापरा.

याच रिपोर्टच्या तळाशी एकूण आणि एचडीएलचं गुणोत्तर ७.९ आणि पुढे ‘हाय रिस्क’ असंही छापून येईल. ते हिंडत्या-फिरत्या माणसासाठी आहे. त्यावरून औषध बदलायचं नाही.

ट्रायग्लिसराइड: इथे मात्र रोजचा हिशेब

आयसीयूतला लिपिडचा खरा कामाचा आकडा हा. झोपेसाठी दिलं जाणारं पांढरं प्रोपोफॉल सोयाबीन तेलात असतं. दर मिलीलिटरला ०.१ ग्रॅम चरबी आणि १.१ कॅलरी. ६० किलोच्या पेशंटला १ टक्क्याचं प्रोपोफॉल तासाला १२ मिलीलिटरने चालू असेल तर दिवसाला २८८ मिलीलिटर होतं, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम चरबी आणि ३१७ कॅलरी. दिवसाचं लक्ष्य १५०० कॅलरींचं असेल तर नळीतल्या फीडला उरतात ११८०च्या आसपास. ही वजाबाकी केली नाही तर जादा अन्न जातं, साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात. उलट नुसतंच फीड कमी केलं तर प्रथिनं कापली जातात. किलोमागे १.३ ग्रॅम धरले तरी या पेशंटला ७८ ग्रॅम प्रथिनं हवीत, तेव्हा प्रथिनांची पावडर वेगळी घालायला आहारतज्ज्ञांना सांगा.

२ टक्क्यांच्या प्रोपोफॉलमध्ये मिलीलिटरमागे चरबी तेवढीच असते, त्यामुळे त्याच डोसला चरबी निम्मी जाते. सिरिंजवरचं लेबल वाचूनच हिशेब करा. सोबत टीपीएन असेल तर २० टक्के लिपिडच्या दर मिलीलिटरला २ कॅलरी आणि ०.२ ग्रॅम चरबी धरा. सगळ्या वाटांनी शिरेतून जाणारी चरबी मिळून दिवसाला किलोमागे १.५ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.

प्रोपोफॉल सुरू करताना एकदा आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी ट्रायग्लिसराइड पाहावं. ४००च्या वर गेलं तर डोस कमी करणं, दुसरं औषध घेणं किंवा लिपिड थांबवणं याचा विचार होतो. १०००कडे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, म्हणून लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइमही तपासतात. प्रोपोफॉल किलोमागे तासाला ४ मिलीग्रॅमच्या वर, म्हणजे या पेशंटला तासाला २४ मिलीलिटरहून जास्त, ४८ तासांपलीकडे चालू असेल आणि लॅक्टेट (पेशी अडचणीत असल्याची खूण) व सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) वाढलं, लघवी गडद झाली, नाडी मंदावली, तर प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोमची (या औषधाच्या जीवघेण्या दुष्परिणामाची) शंका घेऊन औषध ताबडतोब बंद करावं लागतं.

प्रोपोफॉल नाही, टीपीएन नाही, साखरही ताब्यात आहे, तरी ट्रायग्लिसराइड २६५च्या वर, ताप उतरत नाही, प्लेटलेट घसरताहेत, अशा वेळी फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) तपासायला हवं. एचएलएच या, प्रतिकारशक्ती बेभान होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या निकषांत उपाशीपोटीचं २६५ किंवा अधिक ट्रायग्लिसराइड येतं. पावसाळ्यात आपल्याकडे येणारे डेंग्यू आणि स्क्रब टायफस (चिगर किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) दोन्ही तो चेतवू शकतात.

एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर) असलेल्या पेशंटचं आणखी एक: लिपिड थेट एक्मोच्या सर्किटमध्ये जोडू नये. थर साचतो, गुठळ्या होतात, प्लास्टिकचे थ्री-वे (नळ्या जोडणाऱ्या तोट्या) तडकतात. त्यासाठी पेशंटची वेगळी शीर वापरावी.

स्टॅटिनचं काय करायचं

कोलेस्टेरॉल ९५ आहे, मग ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी कशाला, हा तर्क इथे लागू नाही. हार्ट अटॅक, इस्केमिक स्ट्रोक (मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून आलेला झटका) किंवा रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आणि आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्या पेशंटची गोळी विनाकारण तोडू नये. साधी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन कुटून पाण्यातून रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) देता येते. सीपीके कमाल मर्यादेच्या दहापटीवर गेलं किंवा यकृत निकामी होऊ लागलं तर थांबवतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा व्होरिकोनाझोल (बुरशीविरोधी औषध) सुरू होत असेल तर सिमव्हास्टॅटिन चालत नाही आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा डोस तपासावा लागतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३०च्या खाली असेल तर रोसुव्हास्टॅटिन १० मिलीग्रॅमच्या पुढे नको. केवळ सेप्सिस किंवा एआरडीएस (फुफ्फुसं अचानक निकामी होणं) आहे म्हणून नव्याने स्टॅटिन सुरू करण्यात मात्र अर्थ नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेल्स आणि हार्प-२ या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर स्टॅटिनची नोंद आहे का ते घरी निघण्याआधी पाहा. आयसीयूत तात्पुरती थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाणं फार सर्रास घडतं. थांबवली असेल तर का आणि कधी सुरू करायची, हे लिहून घ्या. नवं लिपिड प्रोफाइल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पेशंट नीट जेवू लागल्यावर करा आणि औषधाचा डोस त्या रिपोर्टवरून ठरू द्या.